सहा तासांचं पाऊल

धरणाच्या तळघरात, लोखंडी कपाटात,
हेल्वी तास्किलाची वही सापडली.
मी आलो होतो तडे मोजायला.
माझ्या लॅपटॉपवर चाळीस लाख बिंदू
कॉफी गाळून होईतो तापतात, निवतात.
तिच्याकडे होते सतरा.
पाव पाव मीटरवर, चार मीटर जाड ठोकळ्याच्या आरपार,
आणि हाताने फिरवायचं एक गणकयंत्र
ज्याचा सातचा दात झिजलेला,
म्हणून वहीतला प्रत्येक सात
पेन्सिलीने पुन्हा ताडून पाहिलेला.

लॅपलंड. साल बावन्न. बाहेर उणे एकतीस.
नदी दगड झालेली
आणि ओतलेला दगड आतून तापत चाललेला.
सिमेंट पाणी प्यायलं की त्याला ताप भरतो.
पोटात गरम, कातडीला गार,
असं अंग फार दिवस राहिलं की चिरतं.
कधी, कुठे, एवढंच तिला विचारलं होतं.

डावा शेजारी अधिक उजवा शेजारी,
त्यातून वजा स्वतःची दुप्पट,
गुणिले एक लहानसा आकडा,
ते मिळवा स्वतःत.
सिमेंटची ऊब मिळवा.
झाले सहा तास.
पुन्हा डावा, पुन्हा उजवा.
दिवसाला चार फेरे, अठ्ठावीस दिवस,
आणि खिडकीबाहेर उजाडतच नव्हतं
म्हणून दिवस कुठला ते फक्त वहीला ठाऊक.

इंजिनिअर रौतिओ म्हणाले, बारा तासांची पावलं टाका,
बर्फ वितळायच्या आत भिंत उभी हवी.
तिने टाकली. ते पान आहे.
एकेचाळीस. सत्तावीस. साठ. उणे बारा. एकशे दहा.
आकडे दारुड्यासारखे
या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत गेलेले.
खाली, शांत अक्षरात:
"काँक्रीटला तडा गेलेला नाही. आपल्या पावलाला गेला आहे.
गुणक अर्ध्याच्या आत राहू द्या.
जाळी निम्मी केलीत तर पाऊल चौथाई होईल.
घाई असेल त्याने जाळी विरळ घ्यावी
आणि आपल्याला कमी दिसतं, हे मान्य करावं."

शेजारच्या रकान्यात दुसरं अक्षर, जाड, वाकडं:
ओईव्हा निस्कला. दोरीला थर्मामीटर बांधून
नळीत सोडायचा, तंबाखू चघळत दहापर्यंत दहादा मोजायचा,
वर ओढून लिहायचा.
आठ दिवस दोघांचं जुळलं.
नवव्या दिवशी कडेजवळ तिचं उणे अठरा,
त्याचं उणे दोन.
तीन रात्री तिने ताळा घेतला.
सगळे सात पुन्हा तपासले.
चौथ्या सकाळी स्की बांधून निघाली, नऊ किलोमीटर.

ओईव्हा ठोकळ्यावर उभा होता, मांडीपर्यंत बर्फात.
"मी हे झाडत नाही," तो म्हणाला.
"बटाट्याचा खड्डा आम्ही असाच झाकतो."

त्या दिवशीची नोंद तीन ओळींची:
कड चुकली. तिथे हवा नव्हे, बर्फ.
गणित बरोबर होतं,
ते दुसऱ्याच कुठल्या तरी ठोकळ्याचं होतं.

माझ्या पडद्यावर एक चौकोन असतो, कडेच्या तापमानाचा.
आधीच भरून आलेला.
गेली अकरा वर्षं मी त्याच्याखाली
"पुढे" दाबत आलोय.
आज बूट घातले. फूटपट्टी घेऊन वर गेलो.
चौऱ्याहत्तर सेंटीमीटर, आणि खाली
वाऱ्याने घट्ट केलेला एक जुना थर,
त्याचं काय धरायचं मला माहीत नव्हतं.

वहीच्या शेवटच्या पानावर अर्धी ओळ आहे:
"ओ. विचारतो, पुढचं पाऊल केवढं टाकायचं
हे काँक्रीटला कसं कळतं."
पुढे जागा सोडलेली. बोटभर.

तडा सहाव्या ठोकळ्यात आहे, केसाएवढा.
तिच्या ठोकळ्यात नाही.
तिच्यामुळे नाही, बर्फामुळे नाही,
की न झाडणाऱ्या माणसामुळे,
अहवालात हे लिहायला रकाना नाही.
मी नळीत थर्मामीटर सोडलाय.
मोजतोय.