दर्शनी फलक

चित्रकला माझ्याकडे, म्हणून फलकही माझ्याकडे.
सव्वीस वर्षं.
चोपड्यातल्या आमच्या हायस्कुलात
फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला, कडुलिंबाखाली.
सकाळी दहाला मी स्टुलावर चढते,
सुपडूदादा स्टूल धरतो.
वेलांटी पहिली की दुसरी, त्याला कळत नाही,
पण ओळ वाकडी गेली की खालून खाकरतो.

पांढऱ्या खडूत:
कानबाईच्या विसर्जनानिमित्त सोमवारी शाळेस स्थानिक सुट्टी.
मंगळवारीही अर्धे बाक रिकामेच असतात,
घरोघरी रोट संपायचे असतात.
ते लिहायचं नसतं.

लाल खडूत:
मोबाईल आढळल्यास जप्त. पालकांस सोबत आणल्याशिवाय परत मिळणार नाही.
पहिला जप्त झाला तो भूगोलाच्या बाविस्कर सरांचा,
नववी ब मध्ये, मान्सून शिकवताना वाजला.
नियम म्हणजे नियम. त्यांच्या आईला बोलावलं.
ब्याऐंशीची बाई, काठी टेकत आली,
रजिस्टरात सही केली,
मोबाईल कनवटीला खोचला आणि लेकाकडे बघून म्हणाली,
आठ दिन भेटाव नही.

पुन्हा लाल:
फाटक दहा पन्नासला बंद होईल.
वैजापूरची बस अकराला लागते.
तिच्यातून गेंदी पावरा उतरते, अजून चौघी उतरतात,
दप्तरं छातीशी धरून पळत येतात.
किल्ली सुपडूदादाकडे असते.
त्याचं घड्याळ मागे पडतं, म्हणतो.
सहा वर्षांत घड्याळजीकडे गेला नाही.

आणि जूनमध्ये सगळे रंगीत खडू एकदम:
शालान्त निकाल ९१.३७ टक्के!
प्रथम, नजमा छब्बू तडवी. गुलाबी अक्षरं, पिवळी सावली,
कडेने वेलबुट्टी, कोपऱ्यात कमळ.
नजमा स्वतः येऊन उभी राहिली
आणि हळूच म्हणाली, मॅडम, छब्बूला दोन ब.
पुसून पुन्हा लिहिलं.

एकशे एकोणचाळीस बसले, एकशे सत्तावीस निघाले.
वजाबाकी फलकावर मांडत नाहीत.

सत्काराच्या आदल्या दिवशी मैदानात मंडप पडत होता.
बांबू रोवत होता हिलाल,
त्या बारांमधला एक, गणितात अकरा गुण.
काकाचा मंडपाचा धंदा आहे.
दोरीला गाठी मारून तो मातीवर मोजत होता,
तीन हात, चार हात, आणि तिरकस पाच.
हे काय रे?
कोपरा काढस, मॅडम. नहीतर मंडप तिरपा उभा ऱ्हास.
पलीकडेच गणिताचे सर खुर्च्या मोजत होते.
त्यांनी एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा पोराकडे,
आणि खुर्च्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मंडपात नारळ, शाली, भाषणं.
हिलाल मागे पंख्याच्या वायरीपाशी बसला होता.
नजमाचं नाव पुकारलं तेव्हा
सगळ्यात आधी टाळी त्याची.

तीस जून. सुपडूदादाचा शेवटचा दिवस.
मी लवकर आले. अख्खा फलक पुसला, ओल्या फडक्याने.
मधोमध लिहायला घेतलं:
सुपडू उखर्डू शिरसाठ, छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर…
खालून खाकरणं ऐकू आलं.
वाकडी गेली का हो?
वाकडी नही. फॉर्मनी तारीख कोठे गयी?

पुरवणी परीक्षा, विलंब शुल्कासह अंतिम मुदत.
मीच पुसली होती.

मन्हं नाव खाले ऱ्हाऊ द्या. तारीख वर पाहिजे,
पोऱ्ये रस्त्यावरतून वाचतस.

तारीख वर लिहिली, लाल, ठळक.
त्याचं नाव खाली, कमळाला जागा उरली नाही.
तो स्टूल सोडून फाटकापर्यंत गेला,
रस्त्यावरून दिसतं का, ते बघून आला.
अकरा वाजत आले होते.
फाटक उघडंच होतं.