हातचा

लिएज, नोव्हेंबर. म्यूज नदीवरून
भंगार लोखंडाचा पडाव संथ सरकतो आहे
आणि मी तीन हजार ओळींच्या एका फाईलमध्ये
एक पूर्णांक शोधते आहे.

फाईल ह्युबेरची. फोरट्रानमधली,
बहात्तराव्या रकान्यापलीकडे अक्षर जाणार नाही अशी,
पंचकार्डांची शिस्त अंगात मुरलेली.
मध्येच एका ठिकाणी त्याचा शेरा :
‘इथे हात लावू नका. का चालतं ठाऊक नाही. चालतं.’
फेब्रुवारी सत्त्याऐंशी.
तो जाऊन नऊ वर्षं झाली.
कुणी हात लावला नाही.

हा प्रोग्राम करतो काय, असं माझी बहीण विचारते
दर नाताळात, बटाटे सोलताना.
मी सांगते, स्फटिकात इलेक्ट्रॉनला कुठे राहता येतं
आणि कुठे नाही, ते.
म्हणजे भाड्याच्या घरांची यादी, ती म्हणते.
साधारण तसंच.
फक्त दोन मजल्यांच्या मधे जिथे कुणालाच थांबता येत नाही
ती जागा केवढी, यावर ठरतं
दगड होणार, तार होणार, की दिवा.

आणि ती जागा आम्ही कमीच मोजतो.
सिलिकॉनची जेमतेम निम्मी पदरात पडते.
सगळ्यांना माहीत आहे, माहितीपुस्तिकेतही लिहिलंय.
माप खोटं, पण दर वेळी तेवढंच खोटं,
अशा तराजूवर आमचा संसार.

आतला व्यवहार स्वयंपाकघरातला :
अंदाजानं घनता धरायची, तिच्यावरून विभव,
विभवावरून पुन्हा घनता. नवी आली म्हणून
सगळी घ्यायची नाही. जुनीत थोडी,
विरजणासारखी लावायची आणि वाट पाहायची.
घाई केली की फाटतं.

मंगळवारी पहाटे एक दुरुस्ती आली.
बहीर दारहून, ताना सरोवराच्या काठावरून.
पाठवणारी मेकदेस अयालनेह. सोबत चार ओळी :
‘आमच्याकडे वीज दोन तास टिकते,
म्हणून मी जाळी लहान घेते. चार बाय चार बाय दोन.
झिंक ऑक्साइडच्या वजनांची बेरीज एकाहून जास्त येते.
मोठ्या जाळीवरही येत असणार, दिसत नसेल.’

दिसत नव्हतं.
षटकोनी जाळीत सीमेवरचा बिंदू
दोन्ही बाजूंनी मोजला जात होता,
उंबरठ्यातल्या माणसाला घरातलाही धरावा, अंगणातलाही,
तसा. आणि ह्युबेरच्या त्या ओळीत
सगळ्याला शेवटी बेरजेनंच भागलेलं.
म्हणून चालत होतं.

वीस वर्षं हा कोड उघड्यावर आहे,
कुणीही यावं, वाचावं, न्यावा.
नेला पुष्कळांनी.

दोनशे अकरा चाचण्या. अडतीस नापास,
तिसऱ्या दशांशात. कारण ज्या उत्तरांशी ताडून पाहायचं
ती उत्तरंही याच चुकीनं काढलेली.
बास्तियाँ दारात उभा राहून कॉफी ढवळत होता.
जुने प्रबंध आहेत, म्हणाला. माझाही आहे.
लोक विचारतील.
मी म्हटलं, विचारू देत.
तो बराच वेळ ढवळत राहिला. साखर तो घेत नाही.

रात्री दुरुस्ती स्वीकारली.
लेखकांच्या यादीत ह्युबेरपासून अकरा नावं खाली
तिचं नाव घातलं, स्पेलिंग दोनदा तपासून.
ओळ काढून टाकली. शेरा काढवेना.
त्याखाली लिहिलं :
‘का चालत होतं ते आता ठाऊक आहे. मेकदेसला विचारा.’
रकाना मोजला. बहात्तरात बसलं.

तिला कळवलं. उत्तर नाही.
तिकडे वीज गेली असेल.

पडाव केव्हाच पुढे गेला, पाणी अजून काठाला आपटतंय.
झोपण्यापूर्वी तिचीच जाळी लावून पाहते,
चार बाय चार बाय दोन.
बेरीज एक.
हातचा काही नाही.