वळण

सहाला कोठीवर हजेरी,
मग खराटा खांद्यावर, आणि मी माझ्या रस्त्याला.
नळस्टॉपच्या मागे, कॅनॉलपासून दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत,
सव्वीस वर्षं तोच तुकडा.
मुकादम पाच बदलले. रस्ता तोच,
असं मला वाटायचं.

महिना कुठला ते मी भिंतीवर बघत नव्हते.
वावळाच्या चकत्या कडेला साठल्या, की शिमगा झाला.
सोनमोहोराचा पिवळा चुरा, म्हणजे पोरांच्या परीक्षा संपल्या.
पिंपळ तर उधळ्या,
आठवड्यात सगळं देऊन मोकळा.
दिवाळीच्या पुढेमागे बुचाची लांब दांड्यांची फुलं,
तिथे मी लगेच खराटा नाही घालायची.
आधी चार वेचून पदराला बांधायची,
मग काम.

शिव्याही घालायची. आता सांगायला काय हरकत आहे.
कंबर मोडायची.
झाडत पुढे जावं आणि मागे वळून बघावं
तर पुन्हा पसरलेलं,
जसं काही मी आलेच नव्हते.
‘भामे, झाडांनीच आपल्याला झाडायला लावलंय,’
हौसाबाई म्हणायची,
आणि तळहातावर तंबाखू मळायची.

ते कमी कधी झालं, सांगता येत नाही.
डोळ्याला कळलं नाही. डोळा रोज बघतो, त्याला रोजचंच दिसतं.
मनगटाला कळलं.
आठ पाट्या भरायच्या, त्या सात झाल्या, मग सहा.
मला वाटलं, हात सरावला.
साडेदहाचं काम साडेनऊला उरकायला लागलं.
मुकादम खूश. मीही खूश, खोटं कशाला बोलू.
चहा निवांत मिळाला.

एकदम कुणीच काही केलं नाही.
एक फांदी, वायरीला लागते म्हणून.
बुंध्याला गळ्यापर्यंत सिमेंट.
मग दुकानाची पाटी दिसत नाही,
म्हणून समोरची अख्खी बाजू.
चौकातल्या नांद्रुकाचं पान भर आषाढात पिवळं पडलं.
मुळाशी वाकले तर वास आला,
संडास धुवायच्या अ‍ॅसिडचा.
तो वास मला कुणी शिकवायला नको.
मुकादमाला सांगितलं. त्याने वहीत लिहिलं.
पुढचं वहीला माहीत.

तोडलं त्या दिवशी मात्र चौदा पाट्या.
हिरवं पान जड असतं, हे मला तेव्हा कळलं.
इतकी वर्षं मी वाळलेलंच उचलत आले होते,
झाडाने आपणहून सोडलेलं.
हे सोडलेलं नव्हतं.
खराट्याला चीक लागला तो आठवडाभर निघाला नाही.

आता तीन पाट्या.
त्यातही पुड्या, झाकणं, पावत्या.
पावत्यांना ऋतू नसतो.
कुठला महिना चाललाय ते मी मोबाइलला विचारते.

नांद्रुकाच्या जागी ब्लॉक बसवलेत,
बाकीचे लाल, तेवढेच करडे,
गाडीच्या चाकाएवढा गोल.
पावसात थोडा खचतो.
तिथे पोचले की माझा खराटा आपोआप वळतो,
बुंध्याला वळसा घालायचा तसा.
हाताला अजून कुणी सांगितलेलं नाही.

जूनमध्ये मी रिटायर.
माझ्या जागी पोरगी आलीय, प्रतीक्षा,
बारावी झालेली, कानात वायर.
महिनाभर माझ्या मागे मागे फिरली.
परवा दम लागला म्हणून मी कट्ट्यावर बसले,
म्हटलं, बघू तर कशी झाडते.
सरळ गेली, सरळ गेली,
आणि करड्या ब्लॉकांपाशी आली तशी
बाजूने वळली.

हाक मारणार होते,
सरळ जा गं, काही नाही तिथे.

नाही मारली.