सातवं पाणी

भिवंडीहून नणंदेनं पाठवली
टॉवेलाच्या घडीत गुंडाळून.
"सोलापूरला टॉवेल पाठवते, वेडी!"
अत्तम्मा हसल्या, आणि घडीतून ती पडली:
पुठ्ठ्यावर चिकटलेली,
जांभळ्या कड्याची रबरी चोखणी.

लेक तेव्हा दोन पाण्यांची होती.

आमच्या विडी घरकुलात नळ चौथ्या दिवशी येतो.
ती जन्मली त्या पहाटे हे पिंप भरत होते,
तेव्हापासून मी तसंच मोजते.
दुसऱ्या पाण्याला नाळ गळली.
तिसऱ्या पाण्याला माझा ताप उतरला,
आणि ती पहिल्यांदा नीट लागली छातीला,
न चावता.

मेहजबीन सिस्टर म्हणाल्या होत्या,
"अजून नको गं.
आधी तिला तुझी ओळख पटू दे, दूध बसू दे,
वजन चढू दे. महिनाभर तरी.
मग दे, नाहीतर नको देऊ. तुझी मर्जी."
महिना म्हणजे सात पाणी,
मी दारामागे खडूनं रेघा ओढल्या.

शेजारी चिप्पांचे चार माग.
रात्रभर खटाक-खट, खटाक-खट.
त्या आवाजात ती पोटात असताना झोपायची,
आताही झोपते.
वीज गेली की माग थांबतात,
आणि शांततेनं दचकून ती उठते.

चौथं पाणी होऊन दोन दिवस झाले होते.
रात्री अडीचला वीज गेली.
पाजलं, दोन्हीकडचं. ढेकर निघाली.
लंगोट कोरडा, पोट मऊ.
तरी ओठ अंधारात काही शोधत होते.
भूक नव्हती ती.
नुसतं चोखायचं होतं तिला,
जसं कुणाला नुसतं बोलायचं असतं.

अत्तम्मा उठल्या, करंगळी पुढे केली,
आणि मागे घेतली.
नखांत चाळीस वर्षांचा तंबाखू,
कुठल्याच साबणानं न निघणारा.
"माझी तिघं रडून रडून झोपली.
मांडीवर सूप, सुपात हजार विड्या.
बोट द्यायचं तर कोणतं?"
मग जरा थांबून,
"दे की गं ते रबर. कशाला रडवलालीस?"

उकळून ठेवलेली होती, स्टीलच्या डब्यात, फळीवर.
झाकण उघडलं.
आणि काय सुचलं कोण जाणे,
आधी माझ्याच तोंडात घातली.
चव नाही. वास सायकलच्या ट्यूबचा.
खरं सांगते, बरं वाटलं.
अठरा दिवसांत मला कुणी
गप्प बस म्हटलं नव्हतं इतक्या मायेनं.

दारामागे चारच रेघा.
चोखणी परत डब्यात टाकली. आता पुन्हा उकळणं आलं.

तेवढ्यात अत्तम्मांनी कात्री घेतली
आणि पत्र्याच्या सुपावर मारू लागल्या,
खटाक-खट, खटाक-खट,
वयाच्या साठीत एकट्या माग झालेल्या.
लेकीनं मान वळवली.
ओठ थांबले.
भिंतीपलीकडून चिप्पांचा म्हातारा ओरडला,
"कोण आहे रे मागावर? वीज आली का?"

सातवं पाणी परवा आलं.
दोन सातशेची लेक तीन चारशे भरली.
सिस्टर म्हणाल्या, "हं, आता हरकत नाही."
रात्री पाजून झाल्यावर मी दिली.
तिनं जिभेनं ढकलली, अत्तम्मांच्या पदरावर.
धुऊन पुन्हा दिली.
या वेळी चारदा ओढली,
माझ्याकडे टक लावून बघितलं,
अनोळखी बाईकडे बघावं तसं,
आणि झोपली.

मी जागीच.
माग चालू होते. चोळी दोन्हीकडून भिजत होती,
कुणी मागितलं नसताना.
बाहेर नळाखाली घागर लावून कुणी विसरलं होतं,
पाणी काठावरून
गल्लीत चाललं होतं.