साक्षीदार

डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता?
निजसुरे काकू म्हणाल्या, गुरुवार. कर्वेनगरात वीज नाही,
आणि मागच्या खेपेला तुम्ही चाळीस रुपये जास्त घेतलेत.
डॉक्टरांनी लिहिलं : मानसिक स्थिती उत्तम.

वकीलबाई म्हणाल्या, दोन साक्षीदार लागतील.
एक डॉक्टर. दुसरा मी, समोरच्या दारातला,
ज्याच्याकडे काकूंची जादा किल्ली असते
आणि काकूंचा खलबत्ता, परत न केलेला.

छबूताई ओट्याशी उभी होती.
अकरा वर्षं ती काकूंची नखं कापते,
गोळ्या वारांप्रमाणे लावून ठेवते.
पदराला हात पुसत म्हणाली, मला येते की सही.
"तू नको," काकू म्हणाल्या. एवढंच.
ती चहा टाकायला वळली.
बराच वेळ नुसतं आधण उकळत राहिलं.

मी सही केली.
वरचा मजकूर साक्षीदारानं वाचायचा नसतो;
वकीलबाईंनी त्यावर तळहात ठेवला होता.
डसेलडॉर्फहून लेकाचा फोन आला : आई, जेवलीस का?

जिन्यात मी सहज विचारलं,
छबूताईची सही का नाही चालली?
वकीलबाई चपलेचा पट्टा लावत होत्या.
"ज्याला त्यातलं काही मिळायचं असतं
त्यानं साक्षीला बसू नये,"
आणि एकदम जीभ चावून गप्प झाल्या.

आता रोज संध्याकाळी छबूताई भेटते,
वारज्याच्या बसची वाट बघत.
काकूंचा माझ्यावर विश्वास नाही हो, म्हणते.
मी नुसती मान हलवतो,
खिशातली किल्ली चाचपतो.

खलबत्ता मात्र परत द्यायला हवा.
तो कुणाच्या नावावर आहे, कोण जाणे.