पयले पानी

दादा सांगायचे,
पाहुणा उंबऱ्यावर येतो तो आग होऊन येतो,
जुने ऋषी सांगून गेलेत.
म्हणून आधी पाणी.
नाव नंतर, गाव नंतर, जात तर विचारायचीच नाही.

(आमच्या ओट्याच्या कोनाड्यात
एक पितळी पेला मात्र वेगळा असे, पालथा,
काही ठरावीक माणसांसाठी.
दादांना तो दिसत नव्हता,
की मला तो दिसतो, हे दिसत नव्हतं?)

आणि म्हणायचे, द्यायचं ते लाजून द्यावं.
मी तेव्हा नववीत.
देणाऱ्यानं का लाजायचं? घेणारा लाजेल की.
दादा हसले,
पंचा झटकला
आणि पूजेला बसले.

पुढे मी वीज कंपनीत लागलो.
चैत्राची अखेर. बोरीच्या पात्रात पाण्याऐवजी ऊन वाहत होतं.
पारोळ्याच्या अलीकडचं गाव, हातात थकबाकीची यादी,
अकरावं नाव: गेंदाबाई दगा मिस्तरी.
अंगणात खाटेवर जुनं लुगडं,
लुगड्यावर ज्वारीचे बिबडे,
ओले, गोल,
आणि एक कोंबडी त्यांच्याकडे डोळा ठेवून.

मी खांद्यावरची शिडी टेकवली.
ती आतून आली, हात पिठाचे.
'कथाईन उनात भाऊ? ऊन दखा कितलं शे.'
मी यादी दाखवली. रक्कम वाचली.
तिनं ऐकली, जशी शेजारणीची तब्येत ऐकावी.
'तार कापाले उनात ना? कापा.
पन पयले पानी पी ल्या.'

घरात एकच पंखा.
त्याच्याखाली तिनं गोधडी अंथरली,
उसवलेली बाजू खाली दुमडून.
बटण दाबलं.
मी जो बंद करायला आलो होतो
तो वारा तिनं मला घातला.

मग तांब्या. वर झाकण म्हणून पेला,
घासून घासून नाव पुसट झालेला.
आणि तिनं पदर ओढून तोंड वळवलं,
जणू चूक तिचीच, भल्या दुपारी पकडली गेलेली:
'गूय सरी गया, भाऊ. नुसतं पानीच शे.
रागे भरू नका.'

पाणी गार होतं, मडक्याच्या मातीची चव असलेलं.
मी प्यालो. पुन्हा मागितलं. पुन्हा प्यालो.
मग बाहेर जाऊन तार कापली.
शिडी हलत होती
म्हणून तिनं ती खालून धरली.

उतरलो तर हातात कागदाची पुडी, चार बिबडे.
'आखाजीले या. घागर भरसू, सांजोऱ्या करसू.'
तिच्या पितरांच्या पंगतीत
माझं पान तिनं केव्हा मांडलं, कळलं नाही.

आखाजीला मी गेलो नाही.
खोटं कशाला बोलू,
गेलो होतो गावाच्या फाट्यापर्यंत.
तिथल्या टपरीवर चहा घेतला नि परतलो.
लाजेचं ओझं घेऊन जाणं वेगळं,
लाजून देणं वेगळं. मला पहिलंच येत होतं.

आता धुळ्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर.
काल दुपारी बेल वाजली.
जाळीच्या दारातून मी पार्सल घेतलं, सही केली,
पोराच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.
दार लावलं. बॉक्सची टेप सोलू लागलो,
आणि नखाखाली काहीतरी चरचरलं.

तो एक मजला उतरून गेला होता.
मी तांब्या घेऊन जिन्यानं पळालो,
साठीतला माणूस, पायात चप्पल नाही.
'अरे भाऊ, थांब,' मी ओरडलो,
'कथाईन उना तू?'
तो दचकला. मी काही विसरलो की त्यानं, असं वाटलं असेल त्याला.

दोन जिन्यांच्या मधल्या वळणावर
तो उभ्याउभ्याच पाणी प्यायला.
घरात गूळ होता, भरपूर होता,
आणि मी आणायला विसरलो होतो.
कुठं बघावं कळेना,
म्हणून मी भिंतीकडं तोंड वळवलं.