गाडी मागे घेण्यापूर्वी

वेल्सच्या या डोंगरउतारावर
गायींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून
मी पोट भरते.
आज प्रॉसरांच्या गोठ्यात आडवं आलेलं वासरू
दीड तासाने सरळ झालं, शिंकलं,
आणि मी नळाखाली कोपरं धूत होते
तोच मेबली ओरडली, "बाकावर!"

माझ्या खिशातून डोकावणारी किल्ली
तिने पाहिली होती.

इथला नियम असा:
कुठलंही इंजिन सुरू होण्याआधी
सात वर्षांखालच्या सगळ्यांनी
दुधाच्या खोलीशेजारच्या पिवळ्या बाकावर चढायचं
आणि दोन्ही हात वर करायचे,
चालवणाऱ्याला मोजता येतील असे.
कुत्र्यालाही नियम लागू आहे.
हात तेवढे तो वर करत नाही.

पहिल्या वर्षी हे सगळं मला पोरखेळ वाटलं होतं.
घाईत होते, पलीकडच्या खोऱ्यात मेंढी अडली होती.
आरशात पाहिलं: रिकामं अंगण, एक बादली.
रिव्हर्स टाकला,
आणि म्हाताऱ्या ग्विलिमने बॉनेटवर थाप मारली
म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.
"उतर. एक फेरी मार. मग जा."

राग आला. चिखलात उतरले.
डावं चाक, डिकी, उजवं चाक.
काही नव्हतं.
"काही नाहीये," मी म्हणाले.
"छान," तो म्हणाला, आणि बाजूला झाला.

कारण त्याने कधीच सांगितलं नाही.
कॅरिसने सांगितलं, दोन हिवाळ्यांनंतर,
चहा ओतताना, माझ्याकडे पाठ करून:
ग्विलिमचा धाकटा भाऊ, एम्लिन, साडेचार वर्षांचा.
गवताचे भारे उतरवून झाले होते,
वडील ट्रेलर मागे घेत होते.
आरशात गोठ्याचं छप्पर होतं, आभाळ होतं.
साडेचार वर्षांचं मूल
आरशाच्या खालच्या कडेहूनही खाली असतं.

त्यानंतर एकतीस वर्षं
वडील रोज ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारायचे,
अंगणात एकही मूल उरलं नव्हतं तेव्हासुद्धा.

"आमच्याकडे देवळाभोवती अशी प्रदक्षिणा घालतात,"
काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले.
कॅरिस म्हणाली, "चॅपलमध्ये जाणं
त्यांनी सोडून दिलं होतं."

बाकीच्या शेतांवरही मी जाते.
नातवाला मांडीवर घेऊन कुणी ट्रॅक्टर चालवतो,
पोर स्टिअरिंग धरून राजासारखं हसत असतं.
शेणाच्या टाकीवर प्लायवूडचा तुकडा, वर एक वीट.
फिरत्या शाफ्टचं कव्हर कोपऱ्यात पडलेलं,
त्यात कोंबडी अंडी घालते.
मी बोलते. माझं इंग्रजी अशा वेळी जरा जास्तच नीट होतं.
"आम्हीपण असेच वाढलो," ते म्हणतात.
हो. जे वाढले, तेच हे म्हणू शकतात.

बिलात मी लिहिते:
वासरू एक, इंजेक्शनं दोन, जाण्यायेण्याचे मैल.
बॉनेटवरची ती थाप कुठल्या रकान्यात लिहावी
मला ठाऊक नाही,
आणि पैसे कुणी कुणाला द्यायचे तेही नाही.
सुपरमार्केटच्या पार्किंगमध्येही आता मी फेरी मारते,
पिशव्या हातात, पावसात,
आणि माझा मुलगा सीटवर खाली सरकतो.
"आई, लोक बघतायत."
बघू देत.

डावं चाक, डिकी, उजवं चाक.
बाकावर चार हात, एक कुत्रा.
गेथिनच्या एका मुठीत अर्धं बिस्किट,
तेही वर.
मेबली जूनमध्ये सात वर्षांची होईल,
तिला आजच काळजी: "मग मी उभी कुठे राहू?"
ग्विलिम बाकाच्या पायाचा सैल खिळा ठोकत होता.
मान वर न करता म्हणाला,
"जूनमध्ये नियम आठचा होतोय."